विचित्र म्हणजे बिघडलेलं चित्र नव्हे

प्रश्न जुळे सोलापुरातून आला आहे. आठ-दहा मित्रमैत्रिणी जमून आपापल्या आवडत्या भयपटांवर क्वीअर (म्हणजे समलिंगी आणि लिंगभावाच्या रूढ चौकटीत न बसणाऱ्या इतर सगळ्यांच्या) नजरेतून बोलणार आहेत आणि निमंत्रण मराठीत काढायचं आहे. एकानं मथळा दिला, 'विचित्र नजरेतून भयपट'. एका मैत्रिणीनं तो खोडला. तिचं म्हणणं, विचित्र म्हणजे विकृतच की, आपणच आपल्याला शिवी का द्यायची? तर क्वीअरला मराठी शब्द कोणता, आणि 'भयपट' म्हणावं की 'हॉररपट', असं विचारलं आहे.

'विचित्र' ठेवा. खोडणारीचा राग मला कळतो. मी तेरा-चौदा वर्षांचा असताना एका लग्नाच्या पंगतीत माझ्याबद्दल 'पोरगा जरा विचित्रच आहे' हे वाक्य मी पाठीमागून ऐकलं आहे, आणि बोलणाऱ्याला काय म्हणायचं होतं ते मला त्या वयातही कळलं होतं. पण त्या माणसाला मराठी येत नव्हतं म्हणून आपण शब्द टाकून द्यायचा का?

विचित्र आणि विकृत एकाच अर्थानं वापरलेले मी रोज ऐकतो. परवा तर एका व्याख्यानात एका नावाजलेल्या भाषातज्ज्ञांनी व्युत्पत्तीच देऊन टाकली: 'वि' म्हणजे वाईट, म्हणून विचित्र म्हणजे बिघडलेलं चित्र. टाळ्याही पडल्या. मग विशाल म्हणजे काय, वाईट शाल? विविध, विख्यात, विशुद्ध यांत वाईट काय आहे? 'वि' हा उपसर्ग दूर नेतो (वियोग), उलट करतो (विफल), वेगवेगळं करून पसरतो (विविध) आणि अर्थ वाढवतोही (विख्यात). कुठे कोणतं काम करतो आहे ते शब्द उघडून पाहावं लागतं. विकृतमधला 'वि' मूळ रूपापासून ढळवणारा आहे. दह्याला शास्त्रकार दुधाचा विकार म्हणतात तो याच अर्थानं. म्हणजे विकृत म्हणायला आधी एक दूध लागतं, ज्यापासून कोणीतरी ढळलं. विचित्रला असं दूध लागत नाही.

आता 'चित्र' पाहा. आपल्याला वाटतं चित्र म्हणजे भिंतीवर टांगतात ते. हा अर्थ नंतरचा. ऋग्वेदात चित्र हे विशेषण आहे, अग्नीला लागतं, उषेला लागतं. चित् म्हणजे ध्यानात येणं, दिसणं. जे लखलखीत असल्यामुळे डोळ्यात भरतं ते चित्र. म्हणून आकाशातल्या त्या तेजस्वी ताऱ्याचं नाव चित्रा, आणि चित्रेवरून चैत्र. आपण पाडव्याला गुढी उभारतो त्या महिन्याच्या नावात हाच शब्द बसला आहे. डोळ्यात भरणारं ते ठिपक्यांचं, रंगांचं, म्हणून ठिपकेवाला चित्रक, त्याचा झाला चित्ता. ठिपकेवालं हरीण ते चित्रल, त्याचं झालं चितळ. आणि 'वि' लावून तो रंग नाना दिशांना पसरला की विचित्र. वामन शिवराम आपट्यांनी १८९० च्या आपल्या संस्कृत-इंग्रजी कोशात विचित्रचे अर्थ दिले आहेत: रंगीबेरंगी, नाना प्रकारचं, चितारलेलं, सुंदर, आश्चर्यकारक. वाईट कुठे आहे त्यात? मराठीनंही हा जुना अर्थ पुरता सोडलेला नाही. 'चित्रविचित्र फुलं' म्हणताना आपण फुलांना नावं ठेवत नाही.

आणि सोलापुरात राहून तर हे विसरायला काही कारणच नाही. तेलुगू विणकरांच्या पूर्व भागातल्या आमच्या शेजारच्या अक्का तेलुगूत 'चित्रंगा उंदि', म्हणजे नवलच आहे, असं म्हणायच्या. तेलुगूत चित्रं म्हणजे चित्र, चित्रं म्हणजे सिनेमा आणि चित्रं म्हणजे नवलही. यंत्रमागावरून नवी नक्षी उतरली की अक्का हेच म्हणायच्या, आणि तोंडावर नवल असायचं.

१९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत गिल्बर्ट बेकरनं क्वीअर लोकांसाठी आठ रंगांच्या पट्ट्यांचा झेंडा केला. नाना रंगांचं, डोळ्यात भरणारं, पाहणाऱ्याला चकित करणारं, हे सगळं एका शब्दात सांगणारं विशेषण इंग्रजीत शोधून पाहा. क्वीअरमध्ये नुसता ऑडपणा, म्हणजे चमत्कारिकपणा, आहे. रंग आपल्या शब्दात आहे.

पण माझा खरा मुद्दा पुढे आहे, आणि तो तुमच्या भयपटांशी जोडलेला आहे. दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमाराला काश्मीरात कुंतक नावाचा साहित्यशास्त्रज्ञ होऊन गेला. वक्रोक्ती, म्हणजे वाकडं बोलणं, हाच काव्याचा प्राण असं त्याचं म्हणणं. त्यानं कवींचे तीन मार्ग सांगितले: सुकुमार, विचित्र आणि मध्यम. यातल्या विचित्र मार्गाबद्दल तो म्हणतो की तो चालायला फार अवघड, तलवारीच्या धारेवरून जावं तसा, आणि जाणते कवी त्यावरून गेले.

हे वाचताना मला दरवेळी हॉलिवूड आठवतं. तिथे १९३० मध्ये चित्रपटांसाठी एक नियमावली झाली, ती १९३४ पासून कडक लागू झाली. तिच्यात स्पष्ट लिहिलं होतं की लैंगिक विकृती आणि तिची सूचनासुद्धा चालणार नाही. शब्द पाहा, विकृती! आणि बंदी सूचनेवर, म्हणजे आपल्या साहित्यशास्त्राच्या भाषेत थेट ध्वनीवर, उघड न बोलता सुचवलेल्या अर्थावर. मग ज्यांना सांगायचं होतं त्यांनी काय केलं? ते विचित्र मार्गानं गेले, आणि तो मार्ग भयपटातून जात होता, कारण राक्षस आणि रक्तपिपासू यांनी जगाच्या रीतीनं वागावं अशी अपेक्षाच कोणी करत नाही.

जेम्स व्हेल हा दिग्दर्शक समलिंगी होता आणि त्या काळातही ते लपवून राहत नव्हता. त्याचा १९३५ चा 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन' माझा सगळ्यांत आवडता भयपट. गावानं पिटाळलेला तो राक्षस जंगलात एका आंधळ्या म्हाताऱ्याच्या झोपडीत येतो. म्हातारा व्हायोलिन वाजवत असतो. तो त्याला घरात घेतो, देवाचे आभार मानतो की मला मित्र दिलास. राक्षस तिथे बोलायला शिकतो. पाव, मित्र, चांगलं असे चार शब्द. दोघं एकत्र जेवतात, धूर सोडतात. मग दोन माणसं येतात, ओळखतात आणि ते घर मोडतं. दोन पुरुषांचा मोडलेला संसार मी याहून हळवा कुठे पाहिलेला नाही. यात असं काही नाही, ही आजच्या लोकांनी चिकटवलेली कल्पना आहे, असं म्हणणारे अभ्यासक आहेत. त्यांनी कुंतक वाचावा. ज्या अर्थाच्या सूचनेवरच बंदी आहे त्याचा ते लेखी पुरावा मागतात!

आपल्याकडे तर भुतांची वर्गवारीच लग्नाबाळंतपणावरून लागते. मुंज झाली पण लग्न न होता गेला तो मुंजा. बाळंतपणात गेली ती हडळ. जखीण तर मुळात यक्षिणी, पण मराठीत आल्यावर तिलाही लोक सवाशीण की विधवा ते विचारतात. रीतीप्रमाणे ज्याचं आयुष्य पुरं झालं नाही तो पिंपळावर. तुमच्या बैठकीत या पिंपळावरच्या पोराबद्दल कोणीतरी बोलावं असं मला मनापासून वाटतं.

बाकीचे शब्द झटपट. 'समलैंगिक' हिंदीतून आलं आहे, मराठीत 'समलिंगी' चांगलं रुळलेलं होतं. पण क्वीअरसाठी तेही पुरत नाही, कारण क्वीअरमध्ये समलिंगी सोडून इतरही बरेच जण येतात. सरसकट सगळ्यांना 'तृतीयपंथी' म्हणणं चूक आहे, तो शब्द ज्यांचा आहे त्यांच्याकडेच राहू द्या. 'वेगळ्या लैंगिकतेचे' म्हटलं की पुन्हा प्रश्न येतोच, कोणापासून वेगळे? मराठीत 'क्वीअर' लिहिलं तरी माझी हरकत नाही. मात्र ज्यांना 'विचित्र'ची लाज वाटते म्हणून ते 'क्वीअर' लिहितात त्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की इंग्रजीतही ती शिवीच होती. १९९० च्या सुमाराला तिथल्या लोकांनी मोर्च्यांतून ती स्वतःच्या तोंडानं म्हणून आपलीशी केली. त्यांना शिवी धुऊन घ्यावी लागली. आपल्याला फक्त मूळ अर्थ परत आणायचा आहे.

हं, भयपट की हॉररपट हे राहिलंच. भयपट. पट म्हणजे विणलेलं वस्त्र. चित्रपट या शब्दाचा मूळ अर्थ चितारलेलं कापड. ज्या गावची चादर जगभर गेली तिथे पट सोडून दुसरं काही लिहू नका. मथळा 'विचित्र नजरेतून भयपट' हाच ठेवा, खोडलेला पुन्हा लिहा, आणि त्या मैत्रिणीला वाटलं तर हे पान दाखवा. तुम्ही पाठवलेल्या मजकुरात खाली 'भितीदायक' असं आहे, तेवढं बदला. भी दीर्घ, ति ऱ्हस्व: भीतिदायक.