आयन रँड इन्स्टिट्यूट जगभरातील तरुणांपर्यंत कशी पोहोचली, आणि मुलीला तिच्या निबंध स्पर्धेत भाग घेऊ द्यावा का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: रत्नागिरीत अकरावीत शिकणाऱ्या आपल्या मुलीला अमेरिकेतील आयन रँड इन्स्टिट्यूटच्या निबंध स्पर्धेत भाग घ्यायचा आहे. ‘स्वार्थ हाच सद्गुण’ असे सांगणारी ही संस्था इतक्या देशांतील मुलांपर्यंत पोहोचली कशी, आणि तिच्या नादी लागून मुलगी घरापासून तुटणार तर नाही ना, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. मी दापोली तालुक्यात कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत होतो आणि निवृत्तीनंतर गावातील वाचनालयाचे काम पाहतो. त्या संस्थेशी माझा काही संबंध नाही. मात्र तिच्या स्पर्धेसाठी लिहिणारी दोन-तीन मुले माझ्या हाताखालून गेली आहेत, आणि रँड यांच्या जाडजूड कादंबऱ्या मीही एके काळी रात्री जागून वाचल्या आहेत.

आयन रँड यांचा जन्म १९०५ साली सेंट पीटर्सबर्ग येथे झाला. क्रांतीनंतर बोल्शेविकांनी त्यांच्या वडिलांचे औषधांचे दुकान ताब्यात घेतले. १९२६ साली अमेरिकेत गेल्यावर रँड यांनी जे काही लिहिले, त्याच्या मुळाशी ते बंद झालेले दुकान आहे, असे मला नेहमी वाटत आले आहे. (कोकणातील वाचकाला येथे खोती, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या खोतांची वंशपरंपरागत जमीनदारी, आठवल्याशिवाय राहत नाही. १९४९ च्या कायद्याने खोती गेली, तेव्हा खोतांच्या माजघरात जे बोलले गेले ते रँड यांच्या पात्रांच्या तोंडी सहज शोभले असते. कुळांच्या घरी मात्र तीच घटना आपले आपल्याला मिळाल्याची म्हणून सांगितली जाते. मुळात मालमत्ता कोणाची, हा प्रश्न रँड यांना वाटला तितका सोपा नाही.) ‘दि फाउंटनहेड’ १९४३ साली आणि ‘ॲटलास श्रग्ड’ १९५७ साली प्रसिद्ध झाली. बुद्धी हेच माणसाचे ज्ञानाचे एकमेव साधन, स्वतःचे आयुष्य आणि सुख हेच त्याचे नैतिक ध्येय, आणि सरकारचे काम पोलीस, न्यायालये व सैन्य एवढ्यापुरतेच, असा त्यांच्या तत्त्वज्ञानाचा गाभा आहे. दुसऱ्यासाठी स्वतःचा बळी देऊ नये, तसाच स्वतःसाठी दुसऱ्याचाही बळी घेऊ नये, असे त्या सांगत; पण यातील उत्तरार्ध त्यांचे भक्त आणि टीकाकार दोघेही सोयीस्करपणे विसरतात.

हा विचार संघटितपणे पसरविण्याचा पहिला प्रयत्न त्यांच्या हयातीतच झाला. १९५८ पासून त्यांचे शिष्य नॅथॅनिएल ब्रँडन यांची संस्था व्याख्याने भरवीत असे आणि त्यांच्या ध्वनिफिती अमेरिकेतील शहराशहरांत ऐकविल्या जात. १९६८ साली गुरु-शिष्यांचे व्यक्तिगत कारणावरून बिनसले आणि तो कारभार आटोपला. रँड १९८२ साली वारल्या. सध्याची संस्था १९८५ साली त्यांचे वारसदार लेनर्ड पीकॉफ यांनी स्थापन केली, आणि तिच्यामागे आइस हॉकीच्या एका प्रसिद्ध संघाचे मालक एड स्नायडर यांचे आर्थिक पाठबळ होते. पुढे तिचे मुख्य कार्यालय कॅलिफोर्नियातील अर्व्हाइन येथे गेले.

आता वाढीचे कारण. शाळकरी आणि महाविद्यालयीन मुलांसाठी निबंध स्पर्धा हा या संस्थेचा अगदी आरंभापासूनचा उपक्रम आहे. प्रवेश शुल्क नाही, बक्षिसे डॉलरमध्ये, आणि विषय अर्थातच रँड यांच्या कादंबऱ्या. पण माझ्या मते खरी किल्ली २००२ नंतरच्या दुसऱ्या उपक्रमात आहे. इंग्रजीच्या शिक्षकाने मागणी करायची, आणि संस्थेने वर्गाला पुरतील इतक्या प्रती व शिकवण्याचे साहित्य फुकट पाठवायचे. अशा वाटलेल्या प्रतींची संख्या चाळीस लाखांवर गेल्याचे संस्था सांगते. ज्याने वर्गात कधी शिकविलेले नाही त्याला हा साधा दानधर्म वाटेल. मला मात्र त्यातील शहाणपण लगेच कळले. आमच्या महाविद्यालयात अवांतर वाचनासाठी एकाच पुस्तकाच्या वीस प्रती घ्यायच्या म्हटले की तीन पत्रे, दरपत्रके आणि पुढच्या वर्षीचे आश्वासन असा प्रवास सुरू होई. शेवटी कपाटात ज्या पुस्तकाच्या पुरेशा प्रती असत, तेच पुस्तक शिकविले जाई. पुठ्ठे सुटेपर्यंत, दोरे निघेपर्यंत आम्ही एकच कथासंग्रह कितीतरी वर्षे चालविला, आणि तो फार चांगला होता म्हणून नव्हे. अमेरिकेतील शिक्षकाची अडचणही याहून फारशी वेगळी नसावी. देणगीदाराने एकदा तीस प्रतींचा खर्च केला, की एकामागून एक येणाऱ्या वर्गांच्या हाती तीच पुस्तके पडत राहतात. तत्त्वज्ञानाचा ग्रंथ अशा रीतीने वाटला असता तर तो रद्दीत गेला असता. कादंबरी मात्र पंधरा-सोळाव्या वर्षी हाती पडली, की आपल्यासारखाच एकटा आणि हट्टी नायक भेटल्याच्या आनंदात मुलगा ती उशाशी घेऊन झोपतो.

२००८ च्या आर्थिक संकटाने आणखी एक धक्का दिला. सरकारे बँकांना वाचवू लागली, तेव्हा ‘हे सगळे रँडबाईंनी आधीच सांगून ठेवले होते’ असे म्हणणाऱ्यांची चलती झाली आणि २००९ या एका वर्षात ‘ॲटलास श्रग्ड’च्या पाच लाखांहून अधिक प्रती खपल्या. त्या काळात संस्थेची धुरा इस्रायलमध्ये जन्मलेल्या यारोन ब्रुक यांच्याकडे होती आणि २०१८ पासून ती टाल त्स्फानी या दुसऱ्या इस्रायली गृहस्थांकडे आली, त्यामुळे दृष्टी अमेरिकेबाहेर वळणे स्वाभाविक होते. इस्रायल, युरोप आणि लॅटिन अमेरिकेत सहयोगी केंद्रे निघाली आणि अभ्यासक्रम इंटरनेटवर आले. भारतात मात्र संस्थेला फारसे कष्ट घ्यावे लागले नाहीत. मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात ‘फाउंटनहेड’ मी विद्यार्थी असल्यापासून पाहत आलो आहे. माझीही प्रत तिथलीच. आता तर या कादंबऱ्या मराठीतही आल्या आहेत.

विसंगतीही सांगायला हवी. नफ्याचे नैतिक समर्थन करणारी ही संस्था स्वतः ना-नफा तत्त्वावर, देणग्यांवर चालते. २०२० साली महामारीच्या काळात अमेरिकी सरकारने दिलेले सवलतीचे कर्जही तिने घेतले. आमच्याच करांचा पैसा परत घेतो आहोत, अशी त्यामागची तिची भूमिका आहे. या विसंगतीपेक्षा मला अधिक खटकते ती दुसरी गोष्ट. रँड यांचे तत्त्वज्ञान पूर्ण आणि बंद झालेले आहे की त्यात पुढे भर घालता येते, यावरून १९८९ च्या सुमारास वाद झाला आणि डेव्हिड केली या तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकाला या वर्तुळाबाहेर पडून १९९० साली वेगळी संस्था काढावी लागली. स्वतःच्या बुद्धीने विचार करा असे सांगणाऱ्यांनी वेगळा विचार करणाऱ्याला वाळीत टाकावे, हे आम्हां कोकणातल्या माणसांना ओळखीचे वाटते.

वाळीत टाकण्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. आमच्या शेजारचे मुरूड हे धोंडो केशव कर्वे यांचे गाव. १८९३ साली त्यांनी विधवेशी विवाह केला आणि गावाने त्यांना बहिष्कृत केले. ‘गाव करी ते राव न करी’ ही म्हण आपण कौतुकाने वापरतो, पण तिची ही दुसरी बाजूही आहे. रँड यांना हा एकटा माणूस आवडला असता आणि पुढे त्याने सारे आयुष्य विधवांच्या शिक्षणात घालविले हे मुळीच पटले नसते. त्यांचे चिरंजीव र. धों. कर्वे तर रँड यांना आणखी जवळचे: नास्तिक, बुद्धिवादी, कोणाचीही भीड न बाळगणारे. संततिनियमनाचा पुरस्कार करणारे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक त्यांनी १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत पदरमोड करून चालविले, अश्लीलतेचे खटले सोसले, आणि १९३४ साली त्यांच्या बाजूने न्यायालयात डॉ. आंबेडकर उभे राहिले. मागे देणगीदार नाही, शिक्षकांना फुकट वाटायला प्रती नाहीत, त्यामुळे संपादक गेला आणि मासिक थांबले. दापोली तालुक्यातल्या मुलाला आज व्यक्तिस्वातंत्र्याची ओळख मुरूडच्या माणसाकडून न होता कॅलिफोर्नियाहून होते, यात विचारांच्या कमीअधिक मोलाचा भाग थोडा आणि टपालखर्च कोणी भरला याचा भाग मोठा आहे. आपल्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर हेच.

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. शालेय मुलांना या स्पर्धेसाठी ‘ॲन्थेम’ ही १९३८ साली प्रथम इंग्लंडमध्ये निघालेली छोटी कादंबरी वाचता येते. तिच्यातील भविष्यकाळात ‘मी’ हा शब्दच नाहीसा झालेला असून नायक स्वतःचा उल्लेखही ‘we’ याच अर्थाच्या अनेकवचनाने करतो आणि शेवटी त्याला हरवलेला शब्द सापडतो. एका मे महिन्यात वाचनालयाच्या पडवीत चार-पाच मुलांनी तिची पहिली काही पाने मराठीत करायचे ठरविले आणि पहिल्याच परिच्छेदात सगळे अडखळले. ‘आम्ही’ लिहावे की ‘आपण’? ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, आणि त्या जगात तर बाहेर कोणीच उरलेले नाही. म्हणून ‘आपण’ घेतले. तेव्हा मुंबईहून सुटीवर आलेला एक मुलगा म्हणाला, “पण सर, आपण नाय जाणार असं मी म्हणतो, तेव्हा मी एकटाच नाय जाणार असतो.” त्यावर एका मुलीने विचारले की, तिचे आजोबा रागावले की स्वतःला ‘आम्ही’ म्हणवतात, मग त्यांचा ‘मी’ हरवला असे म्हणायचे का? घरात सर्वांत मोठा ‘मी’ तर त्यांचाच आहे. तिसऱ्या पानावर भाषांतर थांबले, पण त्या दुपारी मुलांना जे कळले ते मी वर्षभर शिकवून कळले नसते. ‘मी’ आणि ‘आम्ही’ एकमेकांचे वैरी आहेत हे ती कादंबरी गृहीत धरते. आपल्या बोलण्यात मात्र एकच ‘आपण’ दोन्हीकडे बिनदिक्कत ये-जा करतो. आपल्या मुलीलाही हा उद्योग जरूर करायला सांगावा.

तेव्हा तिला भाग घेऊ द्यावा. निबंध इंग्रजीत, मुद्देसूद लिहावा लागतो, आणि संस्थेच्या मताशी सहमत असण्याची अट नाही. आपले म्हणणे किती नीट मांडले आहे आणि कादंबरीतील विचार कितपत समजला आहे, हे पाहिले जाते. तरी व्यवहारात स्तुतिपर निबंधांकडे मुलांचा ओढा असतोच, म्हणून तिला विरोधी मुद्दाही लिहायला लावावा. बक्षिसाची आशा धरू नये, कारण लिहिणारी मुले जगभरची असतात.

राहिली मुलगी घरापासून तुटण्याची भीती. माझ्या विद्यार्थ्यांपैकी या लेखिकेने ज्याला सर्वांत जास्त झपाटले, तो हर्णैजवळच्या एका वाडीतला मुलगा होता. बारावीनंतर मुंबईला नोकरीला न जाता त्याला वरकस, म्हणजे भातशेतीला न चालणाऱ्या डोंगरउताराच्या, जमिनीत हापूसची कलमे लावायची होती. एके सायंकाळी तो सातबाऱ्याचा उतारा घेऊन माझ्याकडे आला. पणजोबांच्या नावापासून वारसनोंदी होत होत त्यावर चौतीस नावे चढली होती. त्यांतील काही माणसे वारलेली, बरीचशी मुंबईत, एक बडोद्याला. बोट खाली खाली नेत त्याने विचारले, “सर, ह्या चौतिसांत मी कुठे आहे?” त्याचे नाव तिथे नव्हतेच; वडील हयात होते. पुढे तो बरेच दिवस घरात सर्वांशी तत्त्वज्ञान बोलत असे, आणि आई मला दोष देत असे. मग त्याच्या लक्षात आले की, लागवडीसाठी त्याला सरकारी अनुदानच हवे आहे आणि त्यासाठी सहहिस्सेदारांची संमतीपत्रे लागतात. तो स्वतःच त्यावर हसला, आणि मुंबईला जाऊन डोंबिवली ते विरार चुलत्यांची दारे पुजू लागला. ज्यांना त्याने जन्मात पाहिले नव्हते अशा नातेवाइकांची नावे, पत्ते आणि तक्रारी त्याला आता तोंडपाठ आहेत. परवा भेटला तेव्हा त्याच्याजवळ बहुतेकांच्या सह्या झाल्या होत्या. तीन तेवढ्या राहिल्या होत्या, आणि ती माणसे गणपतीला गावी येणार आहेत.