गाडी डावीकडूनच सुटते

प्रश्न : माझी मुलगी दहावीत आहे. २क्ष + ३य = १२ या समीकरणाचा आलेख शाळेत तक्ता करून काढायला शिकवला. शिकवणीच्या सरांनी तेच समीकरण य = −(२/३)क्ष + ४ असं लिहून ‘चढ लावून काढ’ म्हटलं. तक्त्यावरून काढलेली रेघ उजवीकडे उतरते आणि चढावरून काढलेली उजवीकडे चढते! बरोबर कोणती? वहीच्या पानाचा फोटो सोबत पाठवते आहे. – एक पालक, कल्याण

उत्तर : तक्त्याची रेघ बरोबर आहे. पण दोष सरांच्या पद्धतीचा नाही. (तुम्ही क्ष आणि य लिहिलंत, बरं वाटलं. मी त्याच अक्षरांवर वाढले.)

फोटो नीट पाहिला. सुरुवात तिने अगदी बरोबर केली आहे. सुटा ४ म्हणजे रेषा य-अक्षाला जिथे छेदते ती जागा, म्हणून पहिला बिंदू (०, ४). माझ्या वर्गात निम्मी मुलं हा ४ क्ष-अक्षावर मांडायची, ती चूक हिने केलेली नाही. घोटाळा पुढच्या पावलाला झाला. चढ वजा दोन तृतीयांश, म्हणून ती दोन घरं खाली गेली आणि तीन घरं डावीकडे. एकच वजा तिने दोनदा वापरला. वजा दोनला वजा तीनने भागलं की चढ पुन्हा धन! तिचा दुसरा बिंदू (−३, २) आहे. समीकरणात क्ष = −३ घाला, य येतो ६.

आमचे वडील रेल्वेत, कसाऱ्याला. थळ घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून जोर द्यायला बँकर इंजिनं लावतात, त्यांवर त्यांची ड्युटी असे. घाटाचा चढ ते ‘सदतीसाला एक’ असा सांगायचे : सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. पुढे मी वर्गात चढ शिकवला तो याच वाक्यावर. खालचा आकडा आडवं किती चालायचं ते सांगतो, वरचा आकडा उभं किती. (आलेखाच्या कागदावर १/३७ चा चढ काढून पाहा, रेघ जवळजवळ आडवीच दिसेल. त्या एवढ्याशा चढाला मागून आणखी इंजिनं लागतात.)

आता वजाचं. इगतपुरीहून कसाऱ्याला येताना त्याच रुळांना आपण उतार म्हणतो, कारण गाडीचं तोंड फिरलेलं असतं. कागदावर मात्र गाडी नेहमी डावीकडूनच सुटते. म्हणून मुलीला एवढंच सांगा : आधी उजवीकडे चाल, वर की खाली ते मग चिन्हाला विचार. (०, ४) पासून तीन घरं उजवीकडे, दोन खाली : (३, २). पुन्हा तसंच : (६, ०). तिन्ही बिंदू पट्टीला लागले की रेघ ओढायची आणि दोन्ही टोकांना बाण. डावीकडे जायचंच असेल तर सगळं उलटं, तीन घरं डावीकडे आणि दोन वर : (−३, ६). तोही त्याच रेषेवर आहे.

पद्धत कोणती, हा वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. प्रश्नात तक्ता मागितला असेल तर तक्ता द्यावाच लागेल. पण चढ समजला की तक्ताही सोपा होतो. तिने तक्त्यात क्ष = १ घेतला आहे आणि य आला ३.३३. तो बिंदू तिने अंदाजाने टेकवला आहे, जरा सरकलाच आहे. चढाच्या छेदात ३ आहे, तेव्हा क्ष साठी ०, ३, ६ घ्यायचे. य पूर्णांकच येणार.

क्ष = ५ सारख्या उभ्या रेषेला हे काही चालत नाही. तिथे चढ काढताना शून्याने भागायची वेळ येते. सरळ ५ वरून उभी रेघ मारावी.

आणि हो, फोटोत प्रमाण कुठेच दिसत नाही. दोन्ही अक्षांवर १ सेमी = १ एकक, असं उजव्या कोपऱ्यात वर लिहायला सांगा. त्याचा गुण फुकट जातो.