पसंतीक्रम भरण्याआधी

चि. …,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. सीईटीचा निकाल लागल्यापासून घरात दुसरा विषय नाही, वडिलांचा आग्रह संगणक अभियांत्रिकीचा आहे आणि तुला मात्र कातळ, विहिरी आणि भूजल यांचाच अभ्यास करावासा वाटतो, हे सविस्तर लिहिलेस ते बरे केलेस. शेवटी ‘माझी मूल्ये’ असे शीर्षक देऊन समाजसेवा, स्थैर्य, स्वातंत्र्य आणि प्रामाणिकपणा असे चार शब्दही लिहिले आहेस. त्या चार शब्दांवरून मला तुझ्याविषयी काहीच कळले नाही, असे म्हटले तर रागावू नकोस. ती यादी कोणीही करील आणि तिला कोणाची हरकतही असणार नाही. पण त्याच पत्रात थोडे वर, उन्हाळ्यात गावातल्या अकरा विहिरींची पातळी दोरीला दगड बांधून मोजली, ती वहीत टिपून ठेवली आणि क्लास बुडवला म्हणून बोलणी खाल्ली, असे तू सहज लिहून गेली आहेस. माझा त्या वहीवर अधिक विश्वास आहे.

आता ऑप्शन फॉर्मविषयी. त्यात महाविद्यालय आणि शाखा यांच्या शेकडो जोड्या क्रमाने लावता येतात, त्यामुळे सारी दारे उघडी आहेत असे वाटते. पण तुझ्या मनातला पर्याय त्या अर्जात नाहीच. भूशास्त्राच्या बी.एस्सी.चा प्रवेश कॅपमधून, म्हणजे अभियांत्रिकीच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून, होत नाही, तो त्या त्या महाविद्यालयाच्या वेळापत्रकाप्रमाणे आणि बहुतेक ठिकाणी बारावीच्या गुणांवर होतो, आणि कॅपच्या फेऱ्यांची वाट पाहत बसलेल्या मुलांच्या हातून त्याची तारीख निघून गेल्याचे मी पाहिले आहे. तेव्हा तो अर्ज आधी भरून ठेव. दुसरे असे की, कॅपमध्ये पहिल्या क्रमांकावर लिहिलेला पर्याय मिळाला की ती जागा आपोआप पक्की होते आणि पुढच्या फेरीत बदल मागता येत नाही. म्हणून पाहुण्यांना सांगायला बरे, एवढ्यासाठी कोणतेही नाव वर टाकू नकोस. गेल्या वर्षीचा कटऑफ समोर ठेवून उतरत्या क्रमाने फॉर्म भरण्याची रीत सर्वत्र आहे. परंतु कटऑफ म्हणजे मागच्या वर्षीच्या मुलांनी काय पसंत केले याची नोंद, आणि तीच उतरवून काढली तर तुझ्या फॉर्मवर पसंती दुसऱ्यांची आणि नाव तेवढे तुझे, असे होईल.

ज्या वाटेचे तुला आकर्षण आहे तिची लांबीही नीट पाहून घे. बी.एस्सी.नंतर आयआयटीतून एम.एस्सी. करायची तर ‘जॅम’ ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, मुंबईच्या आयआयटीत उपयोजित भूशास्त्राचा अभ्यासक्रम आहे. पुढे केंद्रीय लोकसेवा आयोगाची भूवैज्ञानिकांसाठीची वेगळी परीक्षा असते. तिच्यातून १८५१ साली स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात आणि केंद्रीय भूजल मंडळात भरती होते. आपल्या राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, म्हणजे तू दोरी-दगडाने जे केलेस ते तिथे शास्त्रशुद्ध रीतीने आणि वर्षानुवर्षे चालते. मात्र या जागा थोड्या असतात, जाहिरातीची वाट पाहावी लागते, आणि संगणक शाखेची तुझी मैत्रीण चौथ्या वर्षानंतर पगार घरी आणू लागेल तेव्हा तू अजून एम.एस्सी. करत असशील. तेव्हा गावाकडे कोण काय म्हणेल, ते ऐकून घेण्याची तुझी तयारी आहे का? स्थापत्य अभियांत्रिकीची मधली वाटही विचारात घे; जलसंपदा विभागाच्या कामाकडे ती सरळ जाते, आणि ती ऑप्शन फॉर्ममध्येही आहे. तिला कमी लेखण्याचे कारण मला दिसत नाही.

पैशांचा हिशेब वडिलांसोबत बसून, कागदावर कर. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील ठरावीक प्रवर्गांच्या मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. खोलीभाडे आणि मेस यांचा खर्च उरतोच, आणि पुण्यात तो लहान नाही. शैक्षणिक कर्जाचे हप्ते साधारणपणे शिक्षण संपल्यावर एका वर्षाने सुरू होतात, परंतु व्याज त्याआधीपासून चढत असते. पैशाला महत्त्व देणे म्हणजे मूल्यांशी तडजोड, असे मी मानत नाही. टेंभूत जन्मलेल्या आगरकरांनी विद्यार्थिदशेत आईला कळवले होते की, मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, मी पोटापुरत्या पैशात समाधान मानून लोकांसाठी काम करणार. हा प्रसंग आम्ही मास्तर मंडळी वर्गात मोठ्या उत्साहाने सांगतो. त्या माउलीला ते वाचून काय वाटले असेल, याचा विचार मी पन्नाशी उलटल्यावर प्रथम केला.

माझ्याबद्दल एक गोष्ट सांगतो. संशोधन सोडून मी तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायला आलो, आणि वडील आजारी असल्यामुळे नाइलाजाने आलो, असेच अनेक वर्षे सांगत राहिलो. वडील बरे झाले. त्यानंतर पुन्हा संशोधनाकडे वळण्याची संधी दोनदा आली आणि दोन्ही वेळा मी काहीतरी कारण काढून ती टाळली. मला घरच्यांजवळ राहायचे होते आणि वर्गात उभे राहायला आवडत होते, एवढेच खरे कारण होते. पण ते कबूल करण्यापेक्षा नाइलाज हा शब्द सोयीचा पडला, त्यात थोडी सहानुभूतीही मिळत होती. तुझ्या पत्रात ‘वडिलांपुढे माझा इलाज नाही’ हे वाक्य तीनदा आले आहे. त्यातले किती वडिलांच्या आग्रहाचे आणि किती तुझ्या स्वतःच्या भीतीचे, हे तूच पाहा. संगणक शाखेचा सुरक्षितपणा तुलाही मनातून हवासा वाटत असेल, तर तसे स्पष्ट म्हण. त्यात कमीपणा नाही, आणि मग चार वर्षे वडिलांवर रुसून काढावी लागणार नाहीत.

या आठवड्यात एवढे कर. जिल्ह्याच्या भूजल कार्यालयात जा, तिथल्या भूवैज्ञानिकांना भेट, आणि कामाचे महत्त्व विचारण्याऐवजी त्यांचा कालचा दिवस कसा गेला ते विचार: शिवारात किती वेळ, फायलींत किती, घरी किती वाजता. संगणक क्षेत्रात असलेल्या तुझ्या मामेभावालाही हेच विचार. त्यानंतर तीन वाटा तीन कागदांवर लिही आणि प्रत्येकीपुढे, ती घेतली तर काय सोडावे लागेल, तेवढेच मांड. क्रम मुदतीच्या दोन दिवस आधी पक्का कर. शेवटच्या रात्री संकेतस्थळ रेंगाळते आणि माणूसही घाबरतो.

आणखी एक राहिले. चार पानी पत्रात वडिलांचे, मामांचे, अगदी क्लासच्या सरांचेही मत आले आहे. आईला काय वाटते, ते कुठेच नाही. तिला विचारून मला कळव.

तुझा,
सर