विटेला भोक नको, कंदील तर हवाच

प्रश्न : आम्ही पुण्यात भाड्याच्या बंगलीत राहतो. दर्शनी भिंत आणि फाटकाचे दोन्ही खांब बिनगिलाव्याचे, उघड्या विटांचे आहेत. एकही भोक पाडायचं नाही, असं मालकांनी बजावलंय. अमेरिकेतल्या बहिणीने विटेवर बसवायच्या स्प्रिंगच्या क्लिपा आणून दिल्या. तिच्या दारी त्यांवर सगळी रोषणाई टिकते म्हणे. आमच्या विटेवर त्या बसतच नाहीत. दिव्यांची माळ आणि आकाशकंदील लावायचा कसा?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, क्लिपांचा दोष नाही, तुमचाही नाही. तिकडची नेहमीची वीट सव्वादोन इंच, म्हणजे ५७ मिलिमीटर उंच. आपली जुन्या मापाची वीट तीन इंचांच्या आसपास, तीही भट्टीगणिक कमीजास्त. मॉड्यूलर, म्हणजे नव्या प्रमाणित मापाची, घेतलीत तर ९० मिलिमीटर. क्लिप एका विटेला वरून-खालून चिमट्यासारखी धरते. ती ताणून ताणून किती ताणणार?

त्यात दरजेचा, म्हणजे दोन विटांमधल्या सांध्याचा प्रश्न. क्लिपचे दात विटेच्या कडेला अडकतात, म्हणून दरज तीनेक मिलिमीटर तरी आत हवी. काडेपेटीची काडी दरजेत टेकवा, विटेच्या पातळीला नखाने खूण करा आणि मोजा. दरजा विटेबरोबर सपाट भरलेल्या असतील, तर मापाची क्लिप मिळूनही उपयोग शून्य. आणि बसलीच, तरी तिच्यावर भिंतीलगत राहणारी माळ किंवा तोरण लावावं. कंदील वजनाला काही नसतो, पण वारा आला की शिडासारखा फुगतो आणि क्लिपला बाहेर ओढतो.

गरम गोंदाची पिस्तूल कोणीतरी सुचवेलच. नको. तीस वर्षं साइटवर काढलेल्या माणसाने हा उद्योग धाकट्या भावाच्या घरी केलाय, म्हणून सांगतो. गोंदाचे ठिपके काढताना विटेची भाजलेली कातडी टिकलीएवढी निघून आली. आत भुसभुशीत लाल माती. तिथे दर पावसाळ्यात पाणी मुरतं, लोणा फुटतो, आणि वहिनी पाहुण्यांना अजून ती जागा दाखवते. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप विटेच्या खरखरीत अंगाला धरत नाही. पावसाळ्यानंतर तर विटेवर पांढरी भुकटी असते, टेप तिलाच चिकटते आणि तिच्यासकट खाली येते.

माळेचं सोपं आहे. एका खिडकीच्या गजापासून दुसऱ्या खिडकीच्या गजापर्यंत नायलॉनची दोरी ताणा आणि माळ तिच्यावर सैल गुंडाळा. वजन दोरीवर, वायरवर नाही.

कंदिलासाठी फाटकाचा खांब घ्या. टेम्पोवाले सामान आवळायला वापरतात, तो रॅचेटचा पट्टा हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. असे दोन पट्टे आणि सरळसोट वेळूची काठी आणा. काठी खांबाला उभी लावून खाली एक, वर एक पट्टा आवळा. खांबाच्या चारही कोपऱ्यांवर सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे ठेवायला विसरू नका, नाहीतर पट्टा कोपरा उडवतो आणि मालकांना भोकाऐवजी ते दिसतं. काठी हलणार नाही इतपतच आवळा. रॅचेटला जोर फार असतो. काठीच्या शेंड्याला कप्पी बांधलीत तर कंदील दोरीने वर-खाली करता येईल. आमच्या आजोळी असाच चढवायचे. दोरी खाली जायला लागली की आम्ही पोरं ओरडायचो, कारण बल्ब उडालेला असायचा.

वायर दोरीबरोबर सैल सोडा. खिडकीतून आत घेण्याआधी तिला खाली एक झोल द्या; परतीचा पाऊस आलाच तर पाणी झोलाच्या तळाशी गळून पडेल, वायरीवरून बोर्डापर्यंत जाणार नाही. सांधा उघड्यावर करू नका. बल्ब एलईडीचा घ्या. साधा बल्ब तापतो आणि कागद करपतो.

त्रिपुरी पौर्णिमा झाली की पट्टे सोडून ठेवा, उन्हात राहिले तर विरतात. क्लिपा बहिणीला परत पाठवा. नाताळात तिच्याच विटांवर त्या चपखल बसतील.