गोळी दुपारी दोनलाच उतरते: खासगी डॉक्टरांकडून एडीएचडीचा डोस नीट बसवून कसा घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एडीएचडीसाठी (लक्ष टिकवणं अवघड जातं ती अवस्था) खासगी मानसोपचारतज्ज्ञांनी मिथाइलफेनिडेट या उत्तेजक औषधाची दिवसभर चालणारी गोळी आधी १८ आणि आता ३६ मिलीग्रॅम दिली आहे. सकाळी आठला घेतली की दोनपर्यंत बरं चालतं, मग लक्ष विस्कटतं आणि चारच्या सुमारास चिडचिड होते. भेट दहा मिनिटांची, फी दर वेळी वेगळी. पुढच्या भेटीत डोस वाढवून मागू की औषधच बदलून मागू?

अजून दोन्ही मागू नका. आधी दहा ते चौदा दिवसांच्या वेळा लिहून काढा. ‘औषध कमी पडतंय’ एवढंच सांगितलं तर डॉक्टरांच्या हाती काहीच लागत नाही. डोस कमी असेल, डोस बरोबर पण टिकत नसेल, डोस जास्त होत असेल किंवा जेवण-झोपेचा गोंधळ असेल, तर प्रत्येक वेळी रुग्ण हेच वाक्य बोलतो. या चारही गोष्टींवरचे उपाय मात्र वेगळे आहेत, काही तर एकमेकांच्या उलट. दहा मिनिटांच्या भेटीत त्या वेगळ्या करता येतात त्या फक्त घड्याळावरून.

रोज एक ओळ पुरते: गोळी किती वाजता घेतली, परिणाम कधी जाणवायला लागला, कधी ओसरला, नाश्ता आणि दुपारचं जेवण किती वाजता आणि कितपत झालं, रात्री झोप कधी लागली. सोबत रोजचं एक ठरलेलं काम निवडा, उदाहरणार्थ अर्धा तास वाचन, आणि त्यात किती वेळा उठलात ते लिहा. ‘आज दहापैकी सहा’ असे गुण देऊ नका. ते मूडप्रमाणे बदलतात, उठण्याची संख्या तेवढी बदलत नाही.

रक्तदाब आणि नाडी घरीच मोजा, विशेषतः भेट ऑनलाइन असेल तर. दंडाला बांधायचं यंत्र घ्या, मनगटाचं नको. पाच मिनिटं टेकून शांत बसा, चहा-कॉफीनंतर अर्धा तास जाऊ द्या, एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. एकदा सकाळी गोळीआधी, एकदा दुपारी परिणाम चालू असताना. उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०१८ च्या एडीएचडी मार्गदर्शिकेत डोसच्या प्रत्येक बदलाआधी आणि नंतर या दोन्ही नोंदींची तुलना करायला सांगितलं आहे. त्या नसतील तर सावध डॉक्टर डोस वाढवत नाहीत आणि तुमची एक फी ‘रक्तदाब मोजून या’ एवढं ऐकण्यात जाते.

आता तुमच्या सहा तासांबद्दल. तुमच्यासारख्या, पंपासारख्या यंत्रणेने औषध सोडणाऱ्या गोळीत सुमारे २२ टक्के औषध बाहेरच्या थरात असतं आणि ते लगेच सुटतं. उरलेलं आतून हळूहळू येतं. तिचा परिणाम साधारण दहा ते बारा तास राहायला हवा. तो सहा तासांत संपत असेल तर डोस वाढवण्याआधी तीन गोष्टी तपासा.

पहिली, खोका. औषधाच्या दुकानात बदली कंपनीची गोळी दिली गेली का? मिथाइलफेनिडेटच्या काही दीर्घकाळ चालणाऱ्या कॅप्सूल आठ तासांच्याच असतात, आणि त्यांत निम्मं औषध लगेच, निम्मं काही तासांनी सुटतं. खोक्यावर नाव तेच आणि मिलीग्रॅमही जवळपास तेवढेच असले तरी दिवसाचा चढउतार वेगळा होतो. खोक्याचा फोटो काढून ठेवा.

दुसरी, गोळी अखंड गिळता ना? तोडली किंवा चावली की यंत्रणाच मोडते, औषध एकदम सुटतं आणि लवकर संपतं. (शौचात रिकामं कवच दिसलं तर घाबरू नका, ते तसंच बाहेर पडतं.)

तिसरी, दुपारचं जेवण. या औषधाने भूक मरते, जेवण राहून जातं, आणि दोन ते चारमधली चिडचिड बऱ्याचदा निव्वळ उपाशीपोटाची असते. चार दिवस भूक नसली तरी ठरल्या वेळी जेवा आणि नोंदीत फरक पडतो का ते पाहा. याला पैसे लागत नाहीत, म्हणून हे आधी.

चिडचिड कधी होते यावर माझा सर्वात जास्त भर आहे. औषध भरात असताना अस्वस्थता, छातीत धडधड, जबडा आवळला जाणं, भावना बोथट होणं, एकाच क्षुल्लक गोष्टीत तासन्‌तास अडकणं ही बहुधा डोस जास्त झाल्याची खूण असते. औषध उतरताना तासा-दोन तासांसाठी रडू येणं किंवा चिडचिड होणं हा उतरणीचा परिणाम. पहिल्यात डोस कमी करावा लागतो, दुसऱ्यात उतरण सौम्य करावी लागते. तुमची चिडचिड परिणाम ओसरल्यानंतरची आहे, म्हणजे दुसऱ्या प्रकारची वाटते. औषध भरात असतानाची चिडचिड असूनही ‘वाढवा’ म्हणणारे आणखी बिघडतात.

खोका, गिळणं आणि जेवण ठीक असूनही दोनला उतरत असेल तर डॉक्टरांपुढे सहसा तीन वाटा असतात. एक, ५४ मिलीग्रॅम. डोस थोडा कमी असला की परिणाम फक्त मधल्या तासांतच जाणवतो आणि गोळी लवकर संपल्यासारखी वाटते. वाढ १८ च्या टप्प्याने, किमान आठवड्याच्या अंतराने. दोन, सकाळची गोळी तशीच ठेवून उतरण सुरू होण्याआधी, म्हणजे एकच्या सुमारास, लवकर संपणाऱ्या मिथाइलफेनिडेटचे ५ ते १० मिलीग्रॅम. तिचा परिणाम तीन-चार तास राहतो. पाचला घेतली तर झोप उडेल. तीन, तुमच्याकडे मिळत असेल तर लिसडेक्साम्फेटामिन हे दुसरं उत्तेजक औषध. ते रक्तातल्या तांबड्या पेशींत हळूहळू सक्रिय होतं, तेरा तासांपर्यंत चालू शकतं आणि उतरण बऱ्याच जणांना सौम्य वाटते. पण मिथाइलफेनिडेटचे मिलीग्रॅम त्यात बदलून मोजता येत नाहीत; नव्याने, सहसा ३० पासून, सुरुवात करावी लागते. म्हणून ५४ चा प्रयत्न न करता औषध बदलणं मला घाईचं वाटतं.

एका वेळी एकच बदल. डोस वाढवला त्याच आठवड्यात कॉफी सोडली आणि झोपेची वेळही बदलली, तर काय लागू पडलं हे कोणालाच सांगता येणार नाही. उत्तेजक औषधाचा परिणाम पहिल्या दिवशीच कळतो, पण निकाल आठवड्याने द्या. अॅटोमॉक्सेटिन या उत्तेजक नसलेल्या औषधाचं गणित निराळं आहे: त्याला चार ते सहा आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. फ्लुऑक्सेटिन किंवा पॅरॉक्सेटिन ही नैराश्यावरची औषधं चालू असतील तर अॅटोमॉक्सेटिन रक्तात जास्त साठतं, म्हणून डोस जपून वाढवावा लागतो.

आता खासगी भेटीचं. पुढची वेळ घेण्याआधी दवाखान्यात विचारा: डोस बसेपर्यंतच्या भेटी एकत्रित फीमध्ये आहेत की सुट्या? मधल्या संदेशांना उत्तर मिळतं का, किती दिवसांत? चिठ्ठी आणि पत्राचे पैसे वेगळे का? डॉक्टर रजेवर असतील तर चिठ्ठी कोण देतं? उत्तरं लेखी घ्या.

नोंदींचं एक पान करून भेटीच्या दोन दिवस आधी पाठवा. भेटीत सुरुवातच अशी करा: ‘३६ वर आठ ते दोन चांगलं जातं, चारला चिडचिड होते, जेवण वेळेवर घेऊनही तेच, रक्तदाब आणि नाडी या पानावर आहे.’ मग एका पावलाऐवजी पुढची दोन पावलं मागा: ‘५४ वर बरं वाटलं तर काय, आणि नाडी वाढली किंवा झोप गेली तर परत कोणत्या डोसवर यायचं?’ डॉक्टरांना पटलं तर ते कागदावर लिहून घ्या. दर वळणावर नवी फी भरणं यामुळे वाचू शकतं. डोस बसेपर्यंत गोळ्या १८ च्याच द्याल का, हेही विचारा. पायरी चढायला-उतरायला नवं पाकीट लागत नाही.

हे औषध नियंत्रित यादीतलं आहे. चिठ्ठी मोजक्या दिवसांची मिळते, हरवलेल्या गोळ्या सहज परत मिळत नाहीत. पाकिटात दहा दिवसांच्या गोळ्या उरल्या असताना पुढची वेळ ठरलेली असावी. भेटीच्या दिवशी गोळी नेहमीसारखी घ्या. बरेच जण ‘तपासणी आहे’ म्हणून टाळतात आणि मग मोजलेला रक्तदाब औषधाशिवायचा निघतो. आणि आपल्या मनाने ‘आज दोन घेऊन बघू’ नको: नोंदी बिघडतात, गोळ्या महिन्याआधी संपतात, आणि लवकर चिठ्ठी मागितली की डॉक्टरांचा विश्वास उडतो.

छातीत दुखणं, भोवळ येऊन पडणं, बसल्या जागी नाडी १२० च्या वर टिकणं, नसलेले आवाज ऐकू येणं, संशय वाढणं, जीव नकोसा वाटणं, किंवा पुरुषांत चार तासांहून जास्त टिकणारं वेदनादायक ताठरपण, यांतलं काही झालं तर भेटीची वाट पाहू नका. लगेच वैद्यकीय मदत घ्या. घरात कोणाचा तरुणपणी हृदयविकाराने अचानक मृत्यू झाला असेल, तुम्हाला पूर्वी उन्मादाचा झटका आला असेल किंवा गर्भधारणेचा विचार असेल, तर हे डोस वाढवण्याआधीच सांगा.

डोस बसला आणि दोन-तीन महिने स्थिर राहिला की चिठ्ठी फॅमिली डॉक्टरांकडे किंवा सरकारी रुग्णालयात सोपवता येते का ते पाहा. ते तयार होतीलच असं नाही, म्हणून आताच विचारून ठेवा. खासगी डॉक्टरांकडून पत्र घ्या: निदान कशावरून केलं, कोणते डोस दिले, का बदलले, आत्ताचा डोस, वजन, रक्तदाब, नाडी. नव्या ठिकाणची पहिली चिठ्ठी हातात येईपर्यंत जुने डॉक्टर सोडू नका, पण दोन्हीकडून एकाच वेळी औषध घेऊ नका.

डॉक्टर वाढवायला नाही म्हणाले तर वाद न घालता कारण विचारा: रक्तदाब, वजन, झोप, की नोंदी अपुऱ्या? या चारहींवर काम करता येतं. कारणच मिळालं नाही तर तेच नोंदींचं पान घेऊन दुसऱ्या तज्ज्ञांचं मत घ्या.