पुण्यातल्या वर्दळीच्या रस्त्यांवर वेगळे सायकल ट्रॅक बांधून काही उपयोग होतो का?

होतो. पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, 'ट्रॅक तर कायम रिकामेच दिसतात, मग पैसा कशाला घालवायचा?' माझा थोरला भाऊ गेली सहा वर्षं हेच म्हणतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमचे वडील, अण्णा, खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत होते. येरवड्याहून होळकर पुलावरून रोज सायकलनं जायचे. शिफ्ट सुटली की गेटातून शेकडो सायकली एकदम बाहेर पडायच्या आणि तेवढा वेळ रस्ता सायकलवाल्यांचाच असायचा. गाडीवाले थांबायचे, थांबावंच लागायचं. ट्रॅक तेव्हा नव्हता, ती झुंडच त्यांचा कठडा होती. रिटायर झाल्यावर अण्णांची सायकल सुटली नाही, झुंड मात्र सुटली.

ते 69 वर्षांचे असताना नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यायला निघाले होते. त्या रस्त्याला फुटपाथलगत ट्रॅक आहे, पेव्हर ब्लॉकचा, रस्त्यापेक्षा वीतभर उंच. पहिला अर्धा किलोमीटर छान गेले. पुढे मिठाईच्या दुकानासमोर ट्रॅकवर दुचाक्या आडव्या लावलेल्या, आणि त्यांच्या पलीकडे ट्रॅकच्या बरोबर मधोमध विजेची डीपी. अण्णा उतरले, सायकल हातात धरून खाली रस्त्यावर घेतली, पुन्हा बसले. कडेला गाड्या उभ्या होत्या. त्यातल्या एकीचा ड्रायव्हरच्या बाजूचा दरवाजा उघडला, हँडल त्यात अडकलं आणि अण्णा उजव्या अंगावर पडले. मागून बस येत होती. बसवाल्यानं वेळेत ब्रेक दाबला म्हणून अण्णा आज आहेत. खुब्याचं हाड मोडलं. मी पोचलो तेव्हा त्यांचे पेन्शनचे कागद रस्त्याकडेला होते, उडू नयेत म्हणून कुणीतरी त्यांच्यावर दगड ठेवला होता.

अण्णा हॉस्पिटलात असतानाच दादानं सायकल भंगारवाल्याला देऊन टाकली. 'या वयात रस्त्यावर सायकल चालवायचीच कशाला?' इथूनच आमचा वाद सुरू झाला. माझं म्हणणं एवढंच, की वय अर्ध्या किलोमीटरपर्यंत आडवं आलं नव्हतं. ट्रॅक जिथे संपला तिथे ते पडले.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर यातच आहे. रस्त्याच्या कडेला पांढरा पट्टा ओढून सायकलचं चित्र काढलं तर त्याला मी ट्रॅक म्हणत नाही, ते पार्किंग होतं. मध्ये उंचवटा किंवा कठडा हवा, उभ्या गाड्यांचा दरवाजा पोचणार नाही इतकं अंतर हवं, आणि ट्रॅक मध्येच तुटता कामा नये. पुण्यात 2006 च्या बीआरटीबरोबर (बससाठी राखीव मार्गिका) सातारा रस्ता आणि सोलापूर रस्त्यावर ट्रॅक आले. 2017 मध्ये 800 किलोमीटरहून मोठ्या जाळ्याचा सायकल आराखडा मंजूर झाला. त्याच सुमारास ॲपवरच्या भाड्याच्या सायकली आल्या आणि गेल्याही. घरापासून कामापर्यंत न उतरता जाता येईल असा रस्ता मात्र फार थोड्यांना मिळाला. पूल अर्धाच बांधायचा आणि वरून कुणी जात नाही म्हणून पूल निरुपयोगी ठरवायचा, असं आहे हे.

स्पेनमधल्या सेव्हिल शहराचं उदाहरण मला म्हणूनच पटतं. तिथेही आधी सायकलवाले नावालाच होते. 2006-07 च्या सुमारास त्यांनी तुकड्या-तुकड्यांनी न बांधता साधारण 80 किलोमीटरचं सलग, कठड्याचं जाळं एका दमात उभं केलं. त्यासाठी हजारो गाड्यांचं पार्किंग काढलं. काही वर्षांतच सायकली कितीतरी पटींनी वाढल्या. आणि नेदरलँड्सचं कुणी नाव काढलं की 'त्यांची संस्कृतीच तशी' म्हणून आपण मोकळे होतो. 1971 मध्ये त्या एवढ्याशा देशात रस्त्यावर 3000 हून जास्त माणसं मेली, त्यात 400 हून जास्त मुलं होती. आईबाप रस्त्यावर उतरले, भांडले, त्यानंतर तिथले रस्ते बदलत गेले.

राहिला 'सायकल चालवतंय कोण' हा प्रश्न. सकाळी सहाला उठून बघा. रात्रपाळी संपवून निघालेले वॉचमन, दूध-पेपर टाकणारी पोरं, बांधकामावर निघालेले गवंडी, हॉटेलातले आचारी. यातला एकही माणूस छंद म्हणून सायकल चालवत नाही. तुम्ही (आणि दादा) साडेदहाला गाडीच्या काचेतून बघता.

एक कबूल करतो. ट्रॅकमुळे सगळं सुटत नाही. चौकात डावीकडे वळणारी गाडी सरळ जाणाऱ्या सायकलवाल्याला उडवू शकते, तिथे वेगळा सिग्नल किंवा उंच क्रॉसिंग लागतं. बसस्टॉपपाशी ट्रॅक थांब्याच्या मागून न्यावा लागतो. पेठांतल्या अरुंद गल्ल्यांत तर ट्रॅक नकोच, तिथे गाड्यांचा वेग कमी केला तरी पुरे. मी म्हणतोय ते मोठ्या, वेगवान रस्त्यांबद्दल.

तक्रार करणार असाल तर 'सायकल ट्रॅक बांधा' असं मोघम लिहू नका. कुठल्या दुकानासमोर, कुठल्या खांबाजवळ ट्रॅक अडलाय ते फोटोसकट लिहा. मी आजवर चार वेळा लिहिलंय. दुकानासमोरच्या दुचाक्या हटल्या, दोन महिने.

दादा, या उत्तराची लिंक तुला पाठवतोच आहे. तू रोज त्याच रस्त्यानं जातोस. डीपी अजून तिथेच आहे, उद्या गाडी थांबवून एकदा बघ.