कुंकळ्ळी १५८३, कपाटातल्या कॅसेट आणि गप्प बसणारी माणसं

तुमची पोस्ट वाचली. दक्षिण गोव्यातल्या कुंकळ्ळीच्या १५८३च्या उठावाच्या आठवणींवर एम.ए.चा प्रबंध, जुन्याजाणत्यांच्या मुलाखतींच्या कॅसेट एका संस्थेत अडकलेल्या, अर्जाला उत्तर नाही, आणि घरचेच लोक 'मुलाखत' म्हटलं की गप्प. हे सगळं मी भोगलंय, म्हणून लांबण लावतोय. मी प्राध्यापक नाही, नोकरी सांभाळून हा नाद केला. मार्गदर्शकांना विचारूनच काय ते करा.

जुलैमध्ये गावकऱ्यांच्या हातून मारले गेलेले पाच जेझुइट (ख्रिस्ती धर्मप्रसारक पाद्री) आणि त्यानंतर पोर्तुगीजांनी बोलणीच्या नावाखाली असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून संपवलेले गांवकर, म्हणजे गावचे प्रमुख, हे तुम्हाला पाठच असणार. त्यात शिरत नाही. कपाटाचं सांगतो.

माझ्या वेळीही अशाच कॅसेट एका संस्थेकडे होत्या (नाव घेत नाही, आता तिथली माणसंही बदललीत). अर्ज दिला, तर साहेब दौऱ्यावर. मग विभागप्रमुखांचं पत्र आणा. पत्र आणलं, तर 'हेतू' स्पष्ट नाही. मी 'सामूहिक हिंसेची स्मृती' असं लिहिलं होतं. कारकुनाने 'हिंसा'खाली पेन्सिलने रेघ ओढली आणि विचारलं, ''ह्यावरून उद्या वाद झाला तर?'' फाईल वर गेली ती गेलीच. मध्ये पावसाळे उलटले. शेवटी नवीन अधिकारी आला, त्याने चहा संपायच्या आत चावी मागवली. लोखंडी कपाट, खालचा खण गंजलेला. कॅसेटच्या खिडकीतून पाहिलं तर गुंडाळीच्या कडेला पांढरी भुकटी धरलेली. वर निळ्या शाईत नाव, गाव, वाडा. त्या बोलणाऱ्यांतलं कुणीच तोवर हयात नव्हतं. सरळ 'नाही' म्हटलं असतं तर मी त्याच वेळी त्यांच्या दारात जाऊन बसलो असतो. 'नाही' कुणी म्हणालंच नाही, ह्याचा राग अजून जात नाही.

तेव्हा अर्ज राहू दे तिथेच. संस्था सरकारी असेल तर माहिती अधिकारात एवढंच विचारा: कॅसेट किती आणि शेवटच्या कधी तपासल्या. मिळाल्याच तर बुरशीची कॅसेट घरच्या टेपरेकॉर्डरवर मुळीच लावू नका. बुरशी हेडला लागते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटही जातात.

आणि हयात माणसांकडे आजच जा. माझं मत विचाराल तर '१५८३मध्ये काय झालं?' हा प्रश्नच चुकीचा. तो शाळेतल्या परीक्षेसारखा वाटतो, माणूस बिचकतो. छत्रीबद्दल विचारा. कुंकळ्ळीची देवी शांतादुर्गा तेव्हा फातर्प्याला गेली, पण शिगम्यात ती कुंकळ्ळीला येते आणि बारा वांगडांच्या (गांवकरांच्या कुळांच्या) बारा छत्र्या मिरवणुकीत निघतात. तुमच्या वांगडाची छत्री कोण धरतं, पूर्वी कोण धरायचं, ख्रिस्ती भावकीतलं कोण येतं? इथून सुरुवात केलीत की देऊळ का हललं इथपर्यंत लोक आपणहून येतात, आणि असोळण्याच्या नदीत उडी टाकून एक जण निसटला तेही सांगतात. हिंदू घरातली आणि ख्रिस्ती घरातली गोष्ट वेगळी निघेल. निघू द्या, जुळवत बसू नका.

कागदाचं म्हणाल तर त्या काळचं जे हाती आहे ते जवळजवळ सगळं जेझुइटांच्या लेखणीतलं. ती पत्रं 'दोकुमेंता इंदिका' मालिकेत छापलेली आहेत. एकतर्फी म्हणून टाकून देऊ नका. कंबोडियात ख्मेर रूज राजवटीच्या काळात नॉम पेनच्या तुओल स्लेंग तुरुंगात कैद्यांचे फोटो आणि कबुलीजबाब तुरुंगवाल्यांनीच जमवले होते, आणि १९७९नंतर त्याच दप्तरातून त्यांची करणी उघडी पडली. इथेही साष्टीतली (कुंकळ्ळी ज्या तालुक्यात होती तिथली) देवळं आधीच पाडली गेली होती, पाद्री क्रूस उभारायला आणि चर्चची जागा बघायला आले होते, ह्या गोष्टी त्यांच्याच बाजूच्या लिखाणात सापडतात.

'हा नरसंहार म्हणावा का' असंही तुम्ही विचारलंय. माझा सल्ला, प्रबंध तिथे अडकवू नका. संयुक्त राष्ट्रांच्या १९४८च्या नरसंहारविरोधी करारात गटाचा नाश करण्याचा हेतू सिद्ध करावा लागतो, त्या वकिलीत तुमचं वर्ष जाईल. त्यापेक्षा हे बघा: पाच पाद्र्यांना रोमने १८९३मध्ये 'धन्य' घोषित केलं, आणि गांवकरांचं स्मारक गोवा मुक्तीनंतरही कित्येक वर्षांनी उभं राहिलं. एवढा वेळ का लागला, कोण अडलं, पैसे कुणी घातले? हे विचारायला माणसं अजून आहेत. मी तुमच्या जागी असतो तर मधलं प्रकरण ह्यावरच लिहिलं असतं. (कुणाला पटणार नाही, माहीत आहे.)

संमतीपत्र इंग्रजीतून नेऊ नका. जमिनीची सही घ्यायला आलाय असं वाटून दार बंद होतं, आणि कुंकळ्ळीसकट ज्या पाच गावांच्या जमिनी उठावानंतर पोर्तुगीजांनी हिसकावल्या, तिथे जमिनीच्या सहीची धास्ती उगाच नाही. कोंकणीतून तोंडी विचारा, 'होय' रेकॉर्ड करा, आणि मुलाखतीची एक प्रत त्याच दिवशी त्यांच्या नातवाच्या फोनवर टाका.